पुण्यातलं सिमला ऑफिस आणि हिमालयातला बर्फ

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका मावशींना डोळे दाखवायला पुण्याला घेऊन गेले होते. शिवाजीनगरच्या पुढं सिटी बस थांबली आणि कंडक्टर ओरडला, "चला, सिमला ऑफिस, सिमला ऑफिस!" मावशी दचकल्याच. म्हणाल्या, "अगं, इतक्या लांब आणलंस व्हय मला? शिमला म्हणजे ते बर्फाचं गाव ना?"

बसमधले लोक हसले. पण खरं सांगू का, मावशींचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. पुण्यात रोज हजारो माणसं त्या थांब्यावर चढतात, उतरतात, पण त्याला सिमला ऑफिस का म्हणतात ते किती जणांना ठाऊक आहे? तिथं जुनी दगडी इमारत आहे ती हवामान खात्याची, म्हणजे आपली वेधशाळा. हे खातं १९२८ साली शिमल्याहून उठून पुण्याला आलं, आणि येताना गावाचं नाव बरोबर घेऊन आलं. सासरी आलेल्या बाईला पुष्कळदा माहेरच्या गावाच्या नावानं ओळखतात, तसंच झालं.

आता आपला पाऊस सांगणारं खातं शिमल्याच्या डोंगरावर काय करत होतं, ही गोष्ट आज सांगणार आहे. ती सुरू होते दुष्काळापासून.

१८७६ साली आपल्या दख्खनच्या पठारावर पाऊस दडी मारून बसला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, खाली पार म्हैसूर-मद्रासपर्यंत. पुढचं वर्षही धड गेलं नाही. त्या दोन-तीन वर्षांत देशात पन्नास लाखांहून जास्त माणसं अन्नावाचून आणि रोगराईनं गेली असं धरतात. सरकारनं दुष्काळी कामं काढली, पण मजुरीत धान्य द्यायचं ते दिवसाला एक रत्तल, म्हणजे आजचं अर्धा किलोसुद्धा नाही. दिवसभर खडी फोडायची आणि त्यावर जगायचं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध अर्ज केले आणि मजुरांनी कामं बंद पाडली.

सावित्रीबाई फुले त्या वेळी जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ ला त्यांनी ओतूरहून जोतीरावांना पाठवलेलं पत्र आज छापलेलं मिळतं. गुरं मरताहेत, माणसं गाव सोडून निघालीत, सावकारांचं फावलंय, आणि सत्यशोधक मंडळी मदतीला उभी राहिलीत, असं सगळं त्यात आहे. दुष्काळाबद्दल मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी जाडजूड अहवाल लिहिले. पण गावात उभं राहून बाईनं लिहिलेलं हे पत्र मला त्या सगळ्यांहून वजनदार वाटतं. आपल्या गटाच्या बैठकीत कधीतरी ते मोठ्यानं वाचायला हवं.

दुष्काळ सरल्यावर सरकारनं चौकशीसाठी दुष्काळ आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० साली आला. पाऊस दगा देणार हे दोन महिने आधी कळलं, तर धान्य हलवता येईल, कामं काढता येतील, हा विचार तेव्हापासून जोर धरू लागला. आपण बायका तर तेच म्हणत आलो आहोत. आधी कळलं तर बियाण्याला पैसे घालायचे की घरात दाणे ठेवायचे, ते ठरवता येतं. नांगरट झाल्यावर कळून काय उपयोग?

हवामान खातं १८७५ सालीच सुरू झालं होतं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. मूळचे भूगर्भशास्त्रातले, कलकत्त्यात शिकवणारे. त्यांच्यापुढं प्रश्न असा की, जूनचा पाऊस एप्रिल-मेमध्ये ओळखायचा तर कशावरून? आपल्याकडं टिटवीनं अंडी कुठं घातली ते बघतात, बुलढाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. ब्लॅनफर्ड यांनी उत्तरेकडं, हिमालयाकडं बघितलं.

हिमालयातला हिवाळा म्हणजे नुसती थंडी नव्हे, हे आधी समजून घेऊ. आपल्याला पाऊस म्हटलं की जून आठवतो. तिकडं काश्मीर, लाहौल, गढवालमध्ये डिसेंबर ते मार्च आकाशातून पाणी उतरतं, पण गोठून. ते आणणारे वारे आपल्या समुद्रावरचे नव्हेत. पार भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेचे भोवरे तयार होतात आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत पूर्वेकडं सरकतात. हिवाळ्यात महिन्याला असे चार-सहा येतात. बातम्यांमध्ये 'पश्चिमी झंझावात' म्हणतात ते हेच. सपाट प्रदेशात त्यानं पंजाबच्या गव्हाला हलकं पाणी मिळतं आणि डोंगरावर बर्फ साठतो. तोच बर्फ उन्हाळ्यात वितळून नद्यांना जातो.

काश्मीरमध्ये या दिवसांना नावं आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', म्हणजे मोठा कडाका. मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', धाकटा. शेवटी दहा दिवस 'चिल्लई बच्चा', म्हणजे कडाक्याचं लेकरू. आपण मृग, आर्द्रा, पुनर्वसू मोजतो, तसं ते चिल्ले मोजतात. पडलेल्या बर्फाची सुद्धा तिथं प्रतवारी असते. मोठ्या चिल्ल्यातला बर्फ घट्ट बसून टिकतो आणि उन्हाळ्यात पाणी देतो, तर उशिरा पडलेला लगेच वाहून जातो. हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून तिथल्या बायकांना माहीत आहे, कारण घरात पाणी आणायचं काम सगळीकडं कुणाकडं असतं ते मी वेगळं सांगायला नको.

आपण चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे वाळवून पावसाळ्याची बेगमी करतो. त्या बायका उन्हाळा सरता सरता टोमॅटो, वांगी, दुधी भोपळा चिरून, दोऱ्यात ओवून वाळवतात. त्याला 'होख स्यून' म्हणतात. बर्फानं रस्ता बंद झाला की त्यावर घर चालतं. अंगात लांब फेरन, आणि फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी. अंदाज चुकला आणि बर्फ लवकर आला, तर बेगमी अर्धी राहते.

तर ब्लॅनफर्ड यांचा विचार असा होता. समजा, चुलीवर दोन तवे ठेवले, एक कोरडा आणि एक पाण्यानं निथळणारा. कोरडा लगेच तापतो. ओल्या तव्याचा जाळ आधी पाणी आटवण्यात जातो. डोंगरावर बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिला, तर सूर्याची उष्णता तो वितळवण्यात जाते, शिवाय पांढरा बर्फ ऊन परत फेकतो. जमीन वेळेवर तापत नाही. वायव्येकडून कोरडे वारे वाहत राहतात आणि समुद्रावरच्या पावसाळी वाऱ्यांना आत यायला अडथळा होतो. म्हणजे हिमालयात बर्फ फार, तर आपल्याकडं पाऊस कमी. हा निबंध त्यांनी १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडला.

१८८२ ते १८८५ त्यांनी बर्फावरून पावसाचे अंदाज चाचणीदाखल करून पाहिले. ते बऱ्यापैकी जुळले. मग ४ जून १८८६ ला पहिला नियमित अंदाज निघाला, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश दोन्हींसाठी. आजही एप्रिलमध्ये टीव्हीवर 'यंदा सरासरीच्या इतके टक्के' असं सांगतात ना, त्या अंदाजाचा हा मूळपुरुष.

पण बर्फ मोजायचा कसा? पावसाला पर्जन्यमापक असतो, पाणी मापात पडतं. बर्फ मात्र भुसभुशीत असतो. ताज्या बर्फाचं दहा इंच जाडीचं थर वितळवलं तर साधारण एक इंच पाणी निघतं, म्हणजे दहा वाट्या बर्फाची एक वाटी. हेही कायम नसतं. ओला बर्फ जड, कोरडा बर्फ पिसासारखा. त्यात तो वाऱ्यानं उडून एका कड्याला ढीग होतो आणि दुसरा कडा उघडा राहतो. त्या काळी उपग्रह नव्हते. वरच्या खिंडींमध्ये हिवाळ्यात माणूसच नसायचा. डोंगरी भागांतले अधिकारी कळवायचे ते असं की बर्फ किती खालपर्यंत उतरला, कोणती खिंड बंद झाली, नेहमीपेक्षा जास्त वाटतो की कमी. म्हणजे पुष्कळसा मामला नजरेचा. आमच्या आजी दुधाचं माप हातानं सांगायच्या, तसं. आजींचं चुकत नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण आजी रोज तीच म्हैस पिळत होत्या.

शिमल्याचं महत्त्व इथं येतं. उन्हाळ्यात इंग्रजांचं अख्खं सरकार कलकत्ता सोडून तिथं जायचं. हवामान खात्याचं मुख्य कार्यालयही १९०५ साली तिथं हलवलं. तारेनं सगळ्या देशातून आकडे यायचे आणि खिडकीतून समोर हिमालय दिसायचा.

त्याआधी मात्र खात्याची मोठी फजिती झाली होती. फजिती हा शब्द मी उगाच हलका वापरला, झालं ते फार वाईट होतं. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर जॉन एलियट प्रमुख झाले. त्यांनी बर्फाच्या जोडीला दक्षिण समुद्रावरच्या वाऱ्यांचे आणि हवेच्या दाबाचे निरीक्षण घेतले. अंदाज लांबलचक होत गेले, पुस्तिकेएवढे. १८९९ साली त्यांनी सांगितलं की पाऊस सरासरीहून चांगला होईल. आणि त्या वर्षी देशानं पाहिलेल्या सर्वांत कोरड्या पावसाळ्यांपैकी एक आला. गुजरात, राजस्थान, खानदेश, मराठवाडा होरपळला. संवत १९५६ होतं म्हणून गुजराती-राजस्थानी माणसं त्याला अजून 'छप्पनिया' म्हणतात. विचार करा, चांगल्या पावसाच्या भरवशावर कुणी बियाणं उचललं असेल, कुणी कोठारातलं धान्य विकलं असेल. काहीच सांगितलं नसतं तर निदान माणूस सावध तरी राहिला असता.

मला एलियट यांचा राग येतो, पण दोष त्यांच्या मेहनतीत नव्हता. चांगल्या-वाईट पावसाचं मूळ एकट्या हिमालयात नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. ते पुढच्या माणसानं शोधलं.

हा माणूस म्हणजे गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचे गणिती. हवामानाचा अनुभव शून्य. बूमरँग म्हणून एक वाकडी फळी असते, फेकली की परत येते, तिच्या गणिताचे शौकीन. १९०४ साली ते या खात्याचे प्रमुख झाले आणि वीस वर्षं राहिले. त्यांनी ठरवलं की आपल्याला कारण कळत नसेल तर नको कळू दे, आपण हिशेब मांडू. जगभरच्या ठिकाणांचे दाब, तापमान, पाऊस यांचे जुने आकडे आणवले आणि कोणता आकडा आपल्या पावसाबरोबर वर-खाली होतो ते तपासत बसले. यंत्रं नव्हती. कार्यालयातले हिंदी कारकून हातानं बेरजा-गुणाकार करायचे, हजारोंनी. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

१९०९ च्या सुमारास वॉकर यांचं सूत्र तयार झालं. त्यात चार गोष्टी होत्या: मे अखेर हिमालयात साठलेला बर्फ, मॉरिशस बेटावरचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि आफ्रिकेजवळच्या झांजिबारचा पाऊस. बघा, ब्लॅनफर्ड यांचा बर्फ चौथाई हिश्श्यावर आला. पुढं वॉकर यांना असंही दिसलं की प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, तराजूच्या पारड्यांसारखा, आणि त्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. आज आपण 'एल निनो' म्हणून ऐकतो त्याचं हे अर्धं कोडं होतं. १८७७ आणि १८९९ ही दोन्ही वर्षं एल निनोची होती, हे फार नंतर कळलं.

१९२८ साली खातं पुण्याला आलं, १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुण्यातलं काम चालूच राहिलं. आणि या इमारतीच्या गोष्टीत मला सर्वांत जवळची वाटणारी व्यक्ती इथंच येते.

अॅना मणी. १९१८ साली त्रावणकोरमधल्या पीरमेड या डोंगराळ गावात जन्म. घर सधन. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तर ही मुलगी म्हणाली, मला विश्वकोश हवाय. पुढं बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडं संशोधन केलं, तेही हिऱ्यांवरच! पाच निबंध लिहिले, प्रबंध पूर्ण केला, पण एम. एस्सी. नाही या सबबीवर विद्यापीठानं पीएच. डी. दिली नाही. त्या लंडनला गेल्या, हवामानाची यंत्रं शिकल्या, आणि १९४८ साली पुण्याच्या या कार्यालयात रुजू झाल्या.

तेव्हा साधा पर्जन्यमापक, तापमापक सुद्धा परदेशातून यायचा. अॅनाबाईंनी शंभराच्या आसपास यंत्रांची रेखाटनं प्रमाणित करून ती इथंच बनवायची घडी बसवली. हाताखाली शंभरावर पुरुष कामगार. त्यांचं म्हणणं असायचं की चुकीचं माप घेण्यापेक्षा माप न घेतलेलं बरं. एलियट यांची गोष्ट ऐकल्यावर या म्हणण्याची किंमत कळते. त्या खात्याच्या उपमहासंचालक होऊन १९७६ साली निवृत्त झाल्या आणि २००१ साली वारल्या.

बर्फाचं पुढं काय झालं? १९७६ साली जगदीश शुक्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं की हिमालयच नव्हे, युरोप-आशियाच्या भूभागावर बर्फ जास्त असेल तर आपला पाऊस कमी होण्याकडं कल असतो. शुक्ल हे उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेले. ब्लॅनफर्ड यांचं बोट बरोबर दिशेला होतं, पण डोंगर त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला.

मग १९८८ साली आपले वसंत गोवारीकर पुढं आले. पुण्यात जन्म, कोल्हापुरात वाढले. त्यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचं सूत्र तयार झालं, त्यात हिमालयातला बर्फ होता आणि युरोप-आशियातलाही. 'सोळा घटक' हे शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत इतके यायचे की आमच्या गावातले आजोबा पारावर बसून बोटांवर मोजायचे. चौदा वर्षं ते सूत्र सरासरीनं बरं चाललं. २००२ साली मात्र सांगितलं १०१ टक्के, पडला ८१ टक्के. जुलैत देशभर नेहमीच्या जेमतेम निम्मा. मला तो जुलै आठवतो, दुबार पेरणीचं बी आणायला आईनं पाटल्या मोडल्या होत्या. पुढच्या वर्षी खात्यानं सूत्र बदललं.

डोंगरावरच्या माणसाला मात्र चार महिन्यांचा अंदाज नको असतो, त्याला परवाचा हवा असतो. हिमाचलमधल्या लाहौलला जायचा रस्ता रोहतांग खिंडीतून, तेरा हजार फुटांवर, नोव्हेंबरपासून मेपर्यंत जवळजवळ बंद. बाळंतपणात अडलेली बाई असली तर हवा उघडेपर्यंत हेलिकॉप्टरची वाट बघायची. हवा उघडणार कधी हा तिच्या जिवाचा प्रश्न. ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला तेव्हा कुठं हे बदललं. पण बोगद्याच्या पलीकडच्या रस्त्यावर अजून बर्फाचे कडे कोसळतात. हे कडे कधी कोसळतील याचा अभ्यास करायला मनालीत १९६९ साली संरक्षण खात्याची संस्था निघाली. तरी सगळं कळतंच असं नाही. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनमध्ये साडेएकोणीस हजार फुटांवर चौकीवर बर्फ कोसळून दहा जवान गेले. त्यात एक सातारा जिल्ह्यातला होता. ज्यांची मुलं तिकडं आहेत त्या आयांना जानेवारी-फेब्रुवारीची बातमी कशी ऐकवते, ते मी काय सांगणार.

आणि तो पश्चिमी झंझावात आपल्यालाही सोडत नाही. तो हिमालयात बर्फ टाकून पुढं गेला की उत्तरेची थंड हवा खाली येते. निफाडला पारा उतरतो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दहिवर गोठतं. कधी या वाऱ्यांची गाठ बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ओल्या हवेशी पडते, मग गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. आमच्याकडं काढून ठेवलेला हरभरा खळ्यात भिजला, गहू झोपला, कांद्याची पात चाळणीसारखी झाली. त्या वेळी इशारा आला होता की नव्हता यावर गावात अजून वाद होतो. मला इतकंच आठवतं की आमच्या घरी तो पोचला नव्हता.

आता कृषी हवामानाचा सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, वारा, थंडी आणि त्यावर पिकाला काय करायचं ते त्यात असतं. आमच्या गटानं त्यासाठी वेगळी वही घातली आहे. डाव्या पानावर सल्ला उतरवायचा, उजव्या पानावर खरं काय झालं ते. सिमला ऑफिसची गोष्ट ऐकल्यापासून ती वही मावशींनी स्वतःकडं घेतली आहे. डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत नातीकडून लिहून घेतात. आपल्या केंद्रावरून तो सल्ला संध्याकाळी सहाला वाचतो. उद्या शुक्रवार आहे, वही जवळ घेऊन बसा.